आवाज कोणाचा?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. ह्यांचं आजारपण, पाऊस, सारखी जाणारी लाईट... न लिहिण्याला निमित्तं पुष्कळ होती. पण खरं कारण वेगळं आहे. गेल्या श्रावणात आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि ती लिहावी की नाही हेच ठरत नव्हतं. हे वाचणाऱ्यांत नात्यातली माणसं आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या गोष्टीचा अर्धा भाग ठाऊक आहे, आणि तोही चुकीचा. तेव्हा उरलेला अर्धा सांगणं मला भाग आहे.

सुरुवात शिरपामाळापासून करते. जव्हारला आलेल्या पाहुण्यांना आम्ही ह्या माळावर हमखास नेतो. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीवर निघाले तेव्हा त्यांचा तळ इथे पडला होता, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांच्या स्वागताला आले आणि त्यांनी महाराजांना शिरपेच अर्पण केला, त्यावरून हा शिरपामाळ, असं इथे सांगतात. मी नोकरीत असताना दर हिवाळ्यात मुलांना वनभोजनाला इथे न्यायची. मी बी.ए. मराठीची, पण शाळेत माणसं कमी, त्यामुळे सातवीचं विज्ञानही माझ्याच गळ्यात पडायचं. ध्वनीचा धडा मी वर्गात कधी शिकवलाच नाही. तो माळावर शिकवला.

समोरच्या उतारावर कोणीतरी हमखास लाकूड फोडत असायचं. मुलांना म्हणायची, नीट बघा. कुऱ्हाड खाली येताना दिसायची, लाकडात बसायची, तो माणूस ती परत उचलायलाही लागायचा, आणि मग 'ठक्' असा आवाज आपल्यापर्यंत पोचायचा. प्रकाश लगेच येतो, ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. आवाज दीड सेकंद उशिरा आला तर तो माणूस साधारण पाचशे मीटरवर आहे. मुलं 'एक... दीड' असं मोजायची आणि अंतर काढायची. एकदा एका मुलाने विचारलं होतं, "बाई, म्हणजे आपल्याला आत्ता ऐकू येतो तो आधीचा घाव, आणि दिसतो तो नवा?" मी त्याला शाबासकी दिली आणि विसरून गेले. त्या प्रश्नात केवढं काय होतं ते मला सत्तरी ओलांडल्यावर कळायचं होतं.

ह्यांना पक्षाघात झाला त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. म्हणजे समजतं सगळं, पण शब्द जुळत नाहीत. घास गिळायलाही त्रास होतो, घाई केली तर ठसका लागतो. एका जेवणाला पाऊण तास, कधी तास लागतो. मदतीला जवळच्या पाड्यावरून एक मावशी येते. सकाळी आठला येते, संध्याकाळचं जेवण भरवून जाते. चिरंजीव पुण्याला. त्याला काळजी वाटते, आणि ती वाटणं बरोबरच आहे. त्याने ह्यांच्या खोलीत एक कॅमेरा बसवून घेतला. तो बसवायला आलेला मुलगा माझाच जुना विद्यार्थी. इंटरनेटवरून पुण्यात मोबाईलवर खोली दिसते, ऐकू येते, तिकडून बोलताही येतं. मला कौतुक वाटलं होतं. खोटं कशाला सांगू?

तर ती श्रावणातली संध्याकाळ. पाऊस नुसता ओतत होता. दुपारपासून लाईट नव्हती, इन्व्हर्टरवर दोन दिवे, एक पंखा आणि कॅमेऱ्याचं सामान एवढंच चालू होतं. मावशी पलंगाशी बसून मऊ भात भरवत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या जागी. तास होत आला होता आणि हे तोंड फिरवत होते. आदल्या दोन रात्री मला झोप नव्हती. माझ्या तोंडून निघून गेलं, "गिळा आता एकदाचं! किती जीव खाल माणसाचा!"

खोलीत कोणी काही बोललं नाही. तीन-चार सेकंदांनी मावशी पुढे वाकली, ह्यांच्या हनुवटीला हात लावला आणि हळूच म्हणाली, "खा ना बाबा, दोनच घास."

दहा मिनिटांत पुण्याहून फोन आला. "आई, ही मावशी बाबांशी कशी बोलते तुला माहीत आहे का?" आणि त्याने ते वाक्य मला म्हणून दाखवलं. माझंच वाक्य. "मी डोळ्यांनी पाहिलंय. बाबांची हनुवटी धरून बोलत होती. उद्यापासून तिला बंद कर."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "बरं, बघते," आणि फोन ठेवला.

रात्री त्याने ती चित्रफीत पाठवली. मला पाठवली आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली आहे. तीत मावशी वाकते, हनुवटी धरते, तिचे ओठ हलतात, आणि ऐकू येतं, "गिळा आता एकदाचं!" वाक्य माझं आहे हे मला पक्कं ठाऊक असतानाही ते पाहताना क्षणभर मलाच वाटलं की ही बाईच बोलते आहे. रामदास पाध्यांचा अर्धवटराव आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आवाज पाध्यांचा आहे हे पोरासोरांनाही माहीत असतं, तरी ज्याचं तोंड हलतं त्याच्याच तोंडून तो आल्यासारखा वाटतो. त्याला शब्दभ्रम म्हणतात, आणि तो मेंदू आपण होऊन करतो. कान कुठून आवाज आला हे सांगायला कच्चे असतात, डोळे त्यांच्यावर दडपण आणतात. शिवाय ह्या कॅमेऱ्याचा माईक टेलिफोनसारखा, बारीकसारीक छटा गाळणारा. त्यात पावसाचा आवाज. दोन बायकांचे आवाज त्यात वेगळे काढणं आईच्या लेकालाही जमलं नाही.

एक खूण मात्र होती, ती कोणाच्याच लक्षात आली नाही. वाक्यात 'गिळा' होतं, 'खाल' होतं. मावशीच्या बोलीत अहो-जाहो फारसं नाहीच. ती ह्यांना 'तू' म्हणते, मला 'तू' म्हणते, डॉक्टरांनाही 'तू' म्हणते. ह्या घरात ह्यांना अहो म्हणून रागावणारी बाई एकच आहे.

त्या रात्री मी काही लिहिलं नाही, कोणाला काही सांगितलं नाही. सकाळी आठला मावशी छत्रीचं पाणी ओसरीत झटकून नेहमीसारखी आत आली, आधी ह्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग चूळ भरायला पाणी दिलं. तेव्हा मी आमच्या त्या विद्यार्थ्याला फोन केला. म्हटलं, "असशील तसा ये. चित्र आणि आवाज जुळत नाहीत."

त्याने कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपवर लावलं आणि ती संध्याकाळ शोधून काढली. कार्डावर सगळं जागच्या जागी होतं. आधी रिकाम्या दाराकडून माझं ओरडणं, मावशीने दचकून तिकडे पाहिलेलं, ह्यांनी मिटलेले डोळे. मग तीन-चार सेकंद शांतता, आणि मग मावशीचं "खा ना बाबा". पुण्याला पोचलेल्या फितीत हाच आवाज सुमारे चार सेकंद मागे सरकला होता, आणि माझं वाक्य नेमकं तिच्या हलत्या ओठांवर जाऊन बसलं होतं. तिचे स्वतःचे शब्द ती ताट उचलून वळली तेव्हा आले, आणि इतके हळू की ते कोणाला कळलेच नाहीत.

असं का व्हावं? मी त्याला शिक्षिकेच्या हट्टाने पुन्हा पुन्हा विचारलं. त्याने समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते.

आपल्याला वाटतं कॅमेरा जे पाहतो-ऐकतो ते एकत्र बांधून पाठवतो. तसं नसतं. चित्र आणि आवाज ही दोन वेगळी पार्सलं असतात आणि दोन वेगळ्या एस.टी.ने निघतात. चित्राचं पार्सल जड. चांगल्या कॅमेऱ्याचं चित्र दाबून लहान केलं तरी सेकंदाला वीस-तीस लाख बिट्स जातात, साध्या टेलिफोनसारख्या आवाजाला चौसष्ट हजार पुरतात. प्रत्येक पार्सलावर वेळेचा शिक्का असतो. पलीकडच्या मोबाईलमधल्या ॲपने शिक्के पाहून दोन्ही पार्सलं जुळवून द्यायची, असा नियम आहे. आणि तो नवा नाही, इंटरनेटवर आवाज आणि चित्र पाठवण्याची ही पद्धत १९९६ सालापासून लिहून ठेवलेली आहे. पण नियम असणं आणि तो पाळणं ह्यात अंतर पडतं, हे आपल्याला सरकारी कचेऱ्यांमुळे माहीतच आहे.

वाटेत इंटरनेट अडखळलं की दोन्ही गाड्या थांबतात. पुन्हा सुरू झाल्या की चित्राकडचा कारकून हुशारी करतो. साचलेली जुनी चित्रं फेकून देतो आणि एकदम ताज्या चित्रावर उडी मारतो. आवाजाकडच्या कारकुनाला तसं करता येत नाही. आवाज मधूनच कापला तर शब्द तुटतात, म्हणून तो साचलेली रांग पहिल्यापासून वाचत बसतो. झालं. चित्र आत्ताचं, आवाज मघाचा. असं अडखळणं संध्याकाळभरात दहा वेळा झालं की उशीर वाढत जातो. आमच्याकडे पावसात तेच झालं होतं. चिरंजीव तासभर ॲप उघडं ठेवून बसला होता, आणि त्याने स्क्रीन रेकॉर्डिंग केलं. म्हणजे मोबाईलवर जे चुकीचं जुळलं होतं तेच कायमचं नोंदलं गेलं.

मला आठवला माळावरचा तो मुलगा. ऐकू येतो तो आधीचा घाव, दिसतो तो नवा.

ह्या निमित्ताने मी थोडं वाचलं. आवाज किती मागेपुढे झाला तर माणसाला कळतं, ह्याची मापं दूरचित्रवाणीवाल्यांनी काढलेली आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची १९९८ सालची एक शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज चित्राच्या ४५ सहस्रांश सेकंद जरी पुढे गेला तरी माणसाला खटकायला लागतं, पण मागे पडला तर मात्र १२५ सहस्रांशांपर्यंत सहसा लक्षात येत नाही. असा फरक का? मला वाटतं उत्तर शिरपामाळावरच आहे. निसर्गात आवाज नेहमी उशिराच येतो. १२५ सहस्रांश म्हणजे सुमारे त्रेचाळीस मीटरवरचा माणूस. मैदानाच्या पलीकडून कोणी हाक मारली तर एवढा उशीर होणारच, त्याची आपल्याला जन्मापासून सवय. आवाज दिसण्याच्या आधी मात्र कधीच येत नाही.

पण गंमत अशी, आणि तीच मला भीतीदायक वाटते, की उशीर थोडा असला तर तो खटकतो, आणि चांगला तीन-चार सेकंदांचा झाला तर कधीकधी मुळीच खटकत नाही. ओठ आणि शब्द अर्ध्या सेकंदाने चुकले तर 'बिघाड आहे' हे शेंबडं पोरही सांगेल. पण एकाचा शब्द सरकून सबंधच्या सबंध दुसऱ्याच्या ओठांवर बसला, तर बिघाड दिसत नाही. गुन्हा दिसतो.

आता मला जे म्हणायचं आहे ते असं. चित्र आणि आवाज हे दोन वेगळे साक्षीदार आहेत. त्यांची घड्याळं जुळतात की नाही हे आधी तपासल्याशिवाय दोघांची साक्ष एकत्र जोडू नका. आणि अशा न तपासलेल्या साक्षीवर कोणाची भाकरी तर मुळीच काढून घेऊ नका.

तपासणं अवघड नाही. मला जमलं, तुम्हालाही जमेल. सिनेमावाले प्रत्येक शॉटच्या आधी पाटी का आपटतात? चित्र आणि आवाज वेगवेगळे टिपलेले असतात. पाटी मिटलेली दिसते ती चौकट आणि 'टक्' ऐकू येतो तो क्षण एकावर एक ठेवले की दोन्ही जुळतात. आपणही कॅमेऱ्यासमोर उभं राहून एक कडक टाळी वाजवायची. मग ती नोंद हळू चालवून पाहायची. सेकंदाला पंचवीस चित्रं असतील तर प्रत्येक चित्र चाळीस सहस्रांशांचं. हात मिळाल्यापासून आवाजापर्यंत किती चित्रं गेली ते मोजायचं आणि गुणायचं. आमच्या कार्डावर तीन चित्रं निघाली, म्हणजे १२० सहस्रांश. पास.

हीच तपासणी दोन ठिकाणी करायची, कॅमेऱ्यातल्या कार्डावर आणि दूरच्या मोबाईलवर. कार्डावर जुळतं आणि मोबाईलवर जुळत नाही, तर दोष वाटेत किंवा ॲपमध्ये आहे. मग ॲप बंद करून पुन्हा उघडायचं. उशीर नाहीसा झाला आणि थोड्या वेळाने पुन्हा वाढू लागला तर रांग साचते आहे असं समजावं. चित्राचा दर्जा थोडा उतरवायचा, म्हणजे पार्सल हलकं होतं. कॅमेऱ्याला वायफायऐवजी वायर जोडता आली तर उत्तम. आमच्या मुलाने हे दोन्ही केलं, आणि चित्र फार दाबणारी एक 'स्मार्ट' सोय होती ती बंद केली. आता पावसातही उशीर अर्ध्या सेकंदाच्या आत राहतो.

कार्डावरच जुळत नसेल तर दोष कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरमध्ये. त्यातही बघायचं की उशीर सुरुवातीपासून तेवढाच आहे की वाढतो आहे. तेवढाच असेल तर काही रेकॉर्डरांत तो भरून काढायची सोय असते. वाढत असेल तर आवाज मोजणाऱ्याचं आणि चित्र मोजणाऱ्याचं घड्याळ वेगळ्या गतीने चालतं आहे. दहा हजारांत एक एवढा फरकही तासाला सेकंदाच्या एक तृतीयांशाहून जास्त होतो, दिवसाला साडेआठ सेकंदांवर जातो. आमच्या जुन्या भिंतीवरच्या घड्याळालाही असला रोग होता, पण त्याच्यामुळे कोणावर आळ आला नाही.

आणि एक फरक नीट लक्षात घ्या. चित्र आणि आवाज दोघेही मिळून पाच सेकंद उशिरा पुण्याला पोचले, तर गप्पांचा विचका होतो, पण खोटं काही घडत नाही. कुरियर उशिरा आलं एवढंच. एक पुढे आणि एक मागे आला की मगच घोटाळा.

कोणी म्हणेल, बाई, तुमच्या घरातली एक गोष्ट, तिचं केवढं पुराण! पण ही गोष्ट आता घरापुरती राहिलेली नाही. २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या पोलीस ठाण्यांत चित्राबरोबर आवाजही टिपणारे कॅमेरे बसवायला सांगितले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या घटनेनंतर आपल्या राज्य शासनाने शाळांना कॅमेरे सक्तीचे केले. दोन्ही गोष्टी योग्यच आहेत, लहान मुलांच्या बाबतीत तर मी दोन्ही हातांनी पाठिंबा देईन. पण उद्या एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात कोणी काय बोललं ह्यावरून शिपायाची किंवा शिक्षकाची नोकरी जायची असेल, तर त्या कॅमेऱ्यासमोर कोणी कधी टाळी वाजवून पाहिली होती का, हे विचारलं गेलं पाहिजे. कोर्टात असा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. घरच्या ग्रुपवर काहीच जोडावं लागत नाही. तिथे निकाल पाच मिनिटांत लागतो. आमच्याकडे तर शिक्षाही ठरली होती.

आमच्या नणंदबाईंनी मला उलट प्रश्न केला, आणि तो टाळण्यासारखा नाही. त्या म्हणाल्या, "वहिनी, दादाला बोलता येत नाही. उद्या खरंच कोणी त्याला घालूनपाडून बोललं तर तो कोणाला सांगणार? कॅमेऱ्यातला आवाज हाच त्याचा आवाज." हे खरं आहे. आणि जरा पुढे जाऊन सांगायचं तर त्या संध्याकाळी कॅमेऱ्याने काही खोटं सांगितलंच नव्हतं. ह्यांना कोणीतरी घालूनपाडून बोललंच होतं. फक्त ते कोण, हे चुकलं. म्हणून मी माईक काढून टाका म्हणत नाही. मी म्हणते, ज्या माईकवर मुक्या माणसाची सगळी भिस्त आहे तो तर इतरांपेक्षा जास्त तपासलेला हवा.

दुसरी एक गोष्ट. कॅमेरा बसवला तेव्हा मावशीला तो दाखवला होता, पण तो ऐकतोही, हे मी तिला सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलं असं नाही. सांगायचं सुचलंच नाही, आणि हे जास्त वाईट. मी चाळीस वर्षांत कधी मुलांच्या वह्या त्यांना न विचारता उघडल्या नाहीत असं मोठ्या तोंडाने सांगत आले आहे.

कार्ड पाहिलं त्याच दुपारी मी चिरंजीवाला फोन केला. म्हटलं, "तो आवाज माझा होता." तो बराच वेळ काही बोलला नाही. ह्या खेपेला उशीर इंटरनेटचा नव्हता. मग म्हणाला, "आई, काल का नाही बोललीस?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. लाज वाटली हे खरं. पण एका बाईचं काम जाईपर्यंत ती लाज मी सांभाळून ठेवली असती का? मला वाटतं नसती. खात्रीने सांगू शकत नाही. एक रात्र तर ठेवलीच होती.

ग्रुपवरही मी तेवढंच लिहिलं. संध्याकाळपर्यंत कोणी काही बोललं नाही. मग एकेकाचे निरोप आले, तुम्ही दमलात, विश्रांती घ्या, असे. मायेने लिहिलं होतं सगळ्यांनी. पण माझ्या लक्षात आलं की तेच वाक्य मावशीचं समजलं गेलं तेव्हा 'ती दमली असेल' असं आपल्यापैकी कोणीच लिहिलं नव्हतं. मी धरून. चार सेकंदांचा उशीर यंत्राचा होता. हा फरक यंत्राचा नव्हता, आणि तो काढायला कोणतंही बटण नाही.

मावशीला सांगावं की नाही, ह्यावर घरात दोन मतं होती. तिला काही ठाऊकच नव्हतं, मग कशाला दुखवा? पण मला ते पटेना. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, फीत दाखवली. तिने ती दोनदा पाहिली. आधी हसली, आपलंच तोंड आणि माझा आवाज पाहून. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "हा ऐकतो पण?" म्हटलं, हो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग रात्री तू रडतेस तेही ऐकत असंल." आणि उठून भांडी घासायला गेली.

चिरंजीव त्या शनिवारी आला. त्याने मावशीची माफी मागितली, तिला ती नको होती. मग त्याने एक काम केलं, ते मला माफीपेक्षा आवडलं. रविवारची तिन्ही जेवणं त्याने स्वतः भरवली. रात्री हात धुताना म्हणाला, "आई, तुला रोज हे कसं जमतं?" तेव्हापासून महिन्यातले चार दिवस तो इथे येतो आणि मी बहिणीकडे जाते. झोपते.

आता घरात नियम असा आहे. माईक कधी चालू, कधी बंद, हे तिघांनाही माहीत असतं, आणि त्याचा दिवा मावशीलाही ओळखता येतो. कोणतीही फीत कार्डाशी ताडल्याशिवाय ग्रुपवर जात नाही. आणि दर महिन्याच्या एक तारखेला तपासणी होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी आकडा लिहिते, तीन चित्रं, दोन चित्रं, पुन्हा तीन.

टाळी वाजवायचं काम मी ह्यांच्याकडे दिलं आहे. उजवा हात चालत नाही, त्यामुळे टाळी काही जमत नाही. मावशी स्टीलची वाटी धरते आणि हे डाव्या हाताने तिच्यावर चमचा मारतात. आवाज टाळीपेक्षा स्वच्छ येतो. पुण्याहून नात विचारते, "आबा, झालं?" आणि हे, एकदा पुरतं असं सांगितलं तरी, तीन-चारदा तरी वाजवतात.